मधली चकती

३ फेब्रुवारी

ढब्ब्या,

फोन तू उचलत नाहीस. मेल उघडत नाहीस, किंवा उघडतोस आणि न वाचल्यासारखं करतोस, तुझं तुलाच माहीत. म्हणून हा कागद. फाडायचा झाला तरी कागद आधी हातात घ्यावा लागतो, आणि एकदा हातात घेतलास की तू वाचणार. लहानपणी वाण्याकडच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचत बसायचास आणि पुडीतलं सगळं जमिनीवर.

बातमी अशी की भोवऱ्याला वेळ मिळालाय. हो, तोच भोवरा, तुझी लाडकी दीर्घिका, जिचा यादीतला लांबलचक क्रमांक आपल्या घरात कुणीच कधी उच्चारला नाही. पठारावरच्या नव्या दुर्बिणीवर, अँटेनांच्या सगळ्या तबकड्या एकदम. मार्च संपायच्या आत निरीक्षण व्हायला हवं. नंतर भोवरा सूर्याच्या अंगाला सरकतो, मग बसा महिनोन्‌महिने हात चोळत.

मी चकती लावणार नाहीये. मधला भाग उघडा ठेवून बघणार. थंड वायू तिथे असेल तर असेल, नसेल तर नसेल. तू बरोबर होतास असं ठरवून मी कामाला बसलेले नाही. चुकला असलास तर तेही असंच लिहून पाठवीन आणि वर दोन टोमणे फुकट देईन.

बाबा बरे आहेत. वयाप्रमाणे विसरतात. डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधतात, पण ते तर आई होती तेव्हापासूनच चालू आहे.

त्यांच्या सोबतीला दिवसभर एक मावशी येतात. बाई जिवाला जीव देणारी, पण प्रश्न विचारून डोकं खाते. परवा मी टेबलावर भोवऱ्याचं चित्र पसरून बसले होते, तर हातातलं फडकं खांद्यावर टाकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "हे मधे काय?"

म्हटलं, "कृष्णविवर. भयंकर जड. जवळ येईल त्याला ओढून घेतं, आणि आत पडता पडता वायू इतका तापतो की भोवती नुसता भडका."

"मग तुम्ही काय शोधताय तिथे?"

"तारे जन्मतायत का ते. तारा व्हायला वायूचा ढग गार लागतो, मावशी. गरम वायू फुगतो, पसरतो, एका जागी गोळा होत नाही. गार झाला की स्वतःच्याच वजनाने आकसत जातो, आकसून आकसून मग पेटतो."

"म्हणजे पेटायच्या आधी गार व्हायचं. आणि त्या भडक्याशेजारी गार कसं राहायचं?"

"तेच तर. शिवाय विवर ढगाची अलीकडची बाजू जास्त जोरात ओढतं, पलीकडची कमी. ढग फाटून जातो. म्हणून सगळे म्हणायचे, तिथे काही जन्माला येत नाही."

त्या दिवशी सकाळीच बाबांनी दूध कोमट आहे म्हणून पेला आपटला होता. मावशींनी त्यांच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "येतं हो. असल्या माणसांच्या घरातही पोरं वाढतात की."

मला हसू आवरेना. तूही हसशील म्हणून लिहिलं.

घरी येतोस का, उत्तर दे. दोन शब्द पुरेत.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी

ढब्ब्या,

मी दोन शब्द मागितले, तू आठ दिलेस. उधळपट्टीच म्हणायची.

"बाबांनी स्वतः म्हणावं. तुझ्या तोंडून नको. मगच येईन."

वाचलं. पुन्हा वाचलं. रागावले, भांडी आदळली, मग बसून विचार केला, तर तुझं काही चुकत नाही. ज्याने घाव घातला त्यानेच चुकलो म्हणायला हवं, मधे मी कोण?

पण आता तुला खरं सांगायला हवं. मागच्या पत्रात बाबा बरे आहेत असं लिहिलं, ते बरे नाहीत. त्यांची आठवण जाते आहे. पायऱ्या उतरावं तशी जाते. बरेच दिवस एका पायरीवर उभे असतात, आपल्याला वाटतं थांबलं, आणि मग एका सकाळी एकदम खाली. डॉक्टर म्हणाले, थोपवायचं औषध नाही. भोवऱ्याच्या वेळेसाठी अर्ज मी त्याच आठवड्यात केला. समितीला शास्त्रीय कारणं लिहिली, ती खोटी नाहीत. पण ती अर्धीच आहेत.

आता तूच बघ माझी काय कोंडी झालीय. तुला त्यांच्या तोंडून हवंय. पुराव्याशिवाय ते बोलणार नाहीत, मेले तरी नाही, हे तू आणि मी दोघंही जाणतो. पुरावा हवा तर निरीक्षण व्हायला हवं. आणि ते होऊन, आकडे साफ होऊन माझ्या हातात चित्र येईपर्यंत, त्या दिवशी शास्त्रज्ञांच्या सभेत आपण काय बोललो हे त्यांना आठवत राहायला हवं. चूकच आठवली नाही तर माणूस माफी कशाची मागणार?

त्या दिवशी मी पठारावर पाळीला होते. मला ते सगळं दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं. एक मात्र सगळ्यांचं सारखं होतं. तू पडद्यावर चित्र दाखवत होतास, विवराच्या अगदी कुशीत थंड वायूचं कडं, कड्यात दाट गोळे, तिथे तारे जन्मत असणार असं म्हणालास. आणि बाबा पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले. "हे तारे नाहीत, ही तुझी घाई आहे. मधला झगमगाट वजा करताना हात हलला की गाळ उरतो, तो हा गाळ. चकती काढली की कुणालाही काहीही दिसतं." लोक हसले. बाबाही हसले. तू हातातला रिमोट टेबलावर ठेवलास आणि जो गेलास तो गेलासच. आता परदेशात दवाखान्यांतल्या मशिनींची चित्रं साफ करतोस म्हणे. तेही छानच करत असशील.

निरीक्षण पुढच्या आठवड्यात आहे. हवा कोरडी राहू दे म्हण. एवढं तरी म्हण.

ताई

१४ मार्च

ढब्ब्या,

हवेने दगा दिला. आमच्याकडे एक अँटेनावाली बाई आहे, कामाला वाघीण, पण तिची कामाची पाळी लागली की पठारावर ढग येतात. सगळे तिला पनवती म्हणतात, तीही स्वतःला पनवतीच म्हणते. फोन आला की सुरुवातच, "नमस्कार, पनवती बोलतेय, आजही नाही." तुझा थंड वायू ज्या लहरींत बोलतो त्या आपल्या डोक्यावरच्या हवेतलं पाणी गिळून टाकतं. डोळ्यांना आभाळ निळंशार दिसतं, पण आत ओल असते, आणि माप लावलं की कळतं, नाही जमायचं. तीन वेळा तबकड्या भोवऱ्याकडे वळवल्या आणि तीनही वेळा परत आणल्या. नाकी नऊ आलेत.

इकडे बाबा आणखी एक पायरी उतरले. मंगळवारी मावशींना विचारलं, "आमची ही कुठे गेली? अजून आली नाही?" मावशी शहाण्या, म्हणाल्या, "येतील." मला ऐकून आईच पुन्हा गेल्यासारखं झालं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

पण भोवऱ्याचं त्यांना सगळं आठवतं. नवीन निरीक्षणाचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा भडकले. "पुन्हा तेच खूळ? एकाने केलं ते पुरे नाही झालं?" आणि आता रोज मी दारातून आत आले की चप्पल काढायच्या आत प्रश्न, "मधे काही दिसलं का?" मी म्हणते, हवा खराब आहे. तर म्हणतात, "हवेच्या नावाने बोटं मोडू नका, तयारी ठेवा."

त्यांच्या खोलीत ती फ्रेम अजून आहे. भोवऱ्याचा जुना मोठा फोटो, मधोमध काळ्या कागदाची चकती चिकटवलेली. आठवतं ना? तेव्हा मधला भाग इतका पांढराफटक यायचा की बाकी काही दिसायचं नाही, म्हणून बाबांची पद्धत, आधी मधे चकती, मग काम. प्रत्येक चित्राला. जेवणाच्या टेबलावर आपल्याला काळे कागद आणि कात्री देऊन बसवायचे. माझ्या चकत्या गोल गरगरीत, तुझ्या एका बाजूने चेपलेल्या. पुढे यंत्रं आली, कागद गेला, पण पद्धत राहिली. आकड्यांमध्येही पहिलं काम तेच, मधला भाग झाकून टाका. बाबांच्या हाताखाली तयार झालेला प्रत्येक माणूस डोळे मिटून चकती लावायचा. खाली काय झाकलं जातंय हे बघायला कुणी चकती उचललीच नाही. तू सोडून.

फ्रेममधली चकती तुझ्या हातची आहे. चेपलेली. बाबांनी त्या ढिगातून नेमकी तीच का निवडली, मी कधी विचारलं नाही.

ताई

३० मार्च

ढब्ब्या, ढब्ब्या, ढब्ब्या,

मिळालं!

पनवतीनेच मिळवून दिलं. मुदत संपत आली होती, सगळ्यांनी आशा सोडली होती, आणि भर दुपारी तिचा फोन, "हवा कोरडी ठणठणीत झालीय, मी कुणाला न विचारता तबकड्या वळवल्यात, काय ओरडायचं ते नंतर ओरडा." मी ओरडले नाही. तिला पुन्हा कुणी हिणवून पनवती म्हटलं तर आता माझ्याशी गाठ आहे.

आकडे तुला वेगळे पाठवलेत, तू स्वतः उघडून बघशीलच. तरी मला लिहायचंय, लिहू दे. मी चकती लावली नाही. झगमगाट वजा केला, दहादा तपासून केला. आणि कडं तिथेच आहे, तू म्हणाला होतास तिथेच, विवराच्या कुशीत. थंडगार. आणि ते फिरतंय! एक बाजू आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, अगदी हिशेबाने जेवढ्या वेगाने जायला हवी तेवढ्याच. गोळे आहेत, विवराच्या ओढीला पुरून उरतील इतके दाट. त्यांतल्या दोघांच्या पोटात तरुण ताऱ्यांनी तापवलेल्या हायड्रोजनची खूण आहे. जन्मलेत, बाबा रे. त्या भडक्याशेजारी जन्मलेत.

चित्र घेऊन तशीच घरी गेले. सकाळची वेळ बाबांची चांगली असते. उजेडात खिडकीशी बसले होते. मी चित्र मांडीवर ठेवलं.

बराच वेळ बघत होते. मग बोट कड्यावरून फिरवलं, एकीकडून दुसरीकडे. म्हणाले, "फिरतंय हे."

"हो."

"गाळ फिरत नाही."

"नाही फिरत, बाबा."

मग सुरू झालं, अस्सल बाबा, "तेव्हाचे आकडे वाईट होते. त्या आकड्यांवरून हे म्हणताच येत नव्हतं. माझं काय चुकलं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात स्वतःच हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "आकडे वाईट होते तर 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. मी 'नाही' म्हणालो. आणि हसलो. पोटच्या पोरावर हसलो मी, चारचौघांत."

ढब्ब्या, बाबा रडले. आई गेली तेव्हाही आपल्यासमोर रडले नव्हते. मला काय करावं सुचेना, मी मोबाइल काढला. म्हटलं, बाबा, हेच पुन्हा बोला, मी त्याला पाठवते. तर हाताने मोबाइल बाजूला सारला. "मशिनीत नको. त्याची शोभा सगळ्यांसमोर केली आणि माफी काय डबीत भरून पाठवू? तोंडावर सांगीन. फोन लाव त्याला, ये म्हणावं."

मी लावला. स्पीकरवर ठेवला. रिंग वाजत राहिली, बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. तू उचलला नाहीस. मी म्हटलं, तिकडे झोपायची वेळ असेल. तेवढ्यापुरतं त्यांना पटलं.

हे सगळं माझ्याच तोंडून तुला कळतंय, आणि माझ्या तोंडून तुला नकोय, हे मला समजतं. म्हणून सांगते, ये. आत्ता ये. त्यांना अजून आठवतंय.

ताई

१५ एप्रिल

काय दगड आहेस का रे तू?

दोन आठवडे झाले. आकडे तू उघडलेस, आमच्या यंत्रावर नोंद दिसते. पुन्हा पुन्हा उघडलेस. आणि एक ओळ नाही.

इकडे काय चाललंय ते ऐक. बाबा रोज विसरतात. रोज सकाळी मी आत गेले की प्रश्न, "मधे काही दिसलं का?" आणि रोज मी चित्र मांडीवर ठेवते. रोज बोट फिरवतात. रोज "फिरतंय हे." रोज तेच, आधी आकड्यांवर खापर, मग तो हात वर, मग रडणं. रोज पहिल्यांदा. रोज म्हणतात, फोन लाव. मी लावते. ताठ बसून ऐकतात. रिंग संपली की माझ्याकडे बघतात आणि मी म्हणते, तिकडे झोपायची वेळ असेल.

परवा मावशी मला दाराबाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ताई, नका दाखवू ते चित्र. म्हाताऱ्या माणसाला रोज रोज कशाला फासावर चढवता?" त्यांचं खरं आहे. पण मी दाखवलं नाही आणि नेमका त्या दिवशी तू फोन उचललास तर? तेव्हा त्यांना काहीच ठाऊक नसलं तर? म्हणून दाखवते, आणि खोलीतून बाहेर येऊन स्वतःला शिव्या घालते.

हल्ली मधल्या काही गोष्टी गळायला लागल्यात. काल हसल्याचं म्हणाले नाहीत. आज सभेचंही नाही, नुसतं, "मी त्याला काहीतरी टाकून बोललो होतो." उद्या काय राहील, देव जाणे.

तुझा हट्ट खरा आहे, मान्य. मी तुझ्या जागी असते तर मीही असाच धरला असता. पण हट्ट पुरवणारा माणूसच हातून निसटत चाललाय रे. राग आहे तर येऊन भांड. तोंडावर दार आपट. पण ये.

३ मे

ढब्ब्या,

आता घाई नाही. सावकाश वाच.

गुरुवारी कामावर मावशींचा फोन, "लवकर या, साहेबांनी फ्रेम फोडली." धावत गेले. बाबा पलंगावर बसले होते, मांडीवर भोवऱ्याचा फोटो, काच बाजूला, नशीब कापलं नव्हतं. नखाने चकती खरवडत होते. तुझी ती चेपलेली चकती. वर्षानुवर्षांचा डिंक, सहज निघेना, कागदाचे पापुद्रे निघत होते. खाली नुसता पांढरा डाग होता.

मी म्हटलं, "बाबा, काय करताय?"

चिडून म्हणाले, "कुणी लावली ही? पोराने कधीच सांगितलं होतं, मधलं झाकू नका. तुम्ही लोक ऐकत का नाही?"

मला वाटलं, आलं, आता सगळं आठवलं. जवळ बसले. म्हटलं, "हो, त्याने सांगितलं होतं. मग सभेत काय झालं?"

"काय व्हायचंय? सगळे फिदीफिदी हसत होते. मी उठून उभा राहिलो." मान ताठ केली त्यांनी. "म्हटलं, हसताय काय? बघा तरी आधी. त्याला म्हटलं, तू बघत राहा, सोडू नकोस. मीच म्हटलं."

उभे राहिले होते हे खरंच आहे. बाकी सगळं त्यांनी मनातल्या मनात नवीन लिहून काढलंय, आणि त्यांना ते पक्कं आठवतंय. चेहरा इतका समाधानी होता. मी तोंड उघडलं, "बाबा, तसं नव्हतं" म्हणायला. आणि मिटलं. काय करू? त्यांच्या हातात पुन्हा चित्र देऊन, तुम्ही त्याच्यावर हसला होतात, हे मी त्यांना शिकवू? आणि शिकवून घेतलेली माफी तुला चालली असती का? नसती. मलाही नसती.

तेव्हा तुला मिळायची होती ती माफी गेली. तीस मार्चला होती, पंधरा एप्रिलला अर्धीमुर्धी होती, आता नाही. मी तुझ्यावर रागावलेले नाही. राग कधी संपला तेही कळलं नाही. वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, तुझ्यासाठी आणि त्यांच्यासाठीही. ते जे बोलले ते माझ्यापाशी आहे, पण माझ्या तोंडून तुला नको होतं, आणि माझ्याकडे दुसरं तोंड नाही.

भोवऱ्यावरचा शोधनिबंध लिहून झालाय. पहिलं नाव तुझं आहे. त्यावर वाद घालायचा असेल तर घालू, पण मी ऐकणार नाही.

चित्र दाखवणं मी बंद केलं.

ताई

२० मे

ढब्ब्या,

"जूनच्या पहिल्या रविवारी येतोय. लेकीला घेऊन."

मी ते पत्र मावशींना वाचून दाखवलं, मग पनवतीला फोन करून वाचून दाखवलं, मग भिंतीला वाचून दाखवलं. माफी मिळेल म्हणून बोलावलं तेव्हा आला नाहीस, आणि मिळायचं काही शिल्लक नाही म्हणून कळवलं तर तिकीट काढलंस. तुझं गणित मला जन्मात कळायचं नाही. ये बाबा. खोली झाडून ठेवलीय. तुझी लेक आली की बाबा तिला कागद आणि कात्री देऊन बसवणार, हल्ली वर्तमानपत्राच्या चकत्या कापत असतात, घरभर पडलेल्या असतात. तिला सांगून ठेव, आजोबा ओरडले तरी घाबरायचं नाही, कुठल्या कुठे विसरतात.

आणि तुलाही सांगून ठेवते, म्हणजे दारातून परत फिरणार नाहीस.

ते तुला ओळखणार नाहीत. मलाही दिवसाआड ओळखतात. तुला "या, बसा" म्हणतील. अहो-जाहो करतील. तू मुलगा आहेस हे समजावून सांगायला जाऊ नकोस, मी स्वतःच्या बाबतीत करून बघितलंय, ते घाबरतात आणि आपल्या हाती काही लागत नाही.

मग ते तुला त्यांच्या मुलाबद्दल सांगतील. सगळ्यांना सांगतात. दूधवाल्याला सांगितलं, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितलं, तो बिचारा पाना हातात धरून अर्धा तास उभा होता. "माझा मुलगा फार हुशार. जिथे काही जन्मत नाही असं अख्खं जग म्हणायचं, तिथे त्याने तारे बघितले. मी त्याला म्हटलं होतं, बघत राहा." हे शेवटचं ऐकलं की 'तसं नव्हतं' असं तुझ्या ओठांवर येईल. माझ्या रोज येतं. पण ऐकून घे. असं कौतुक तुझ्या वाट्याला उभ्या जन्मात कधी आलं नाही, आता येतंय ते परक्या माणसाचं म्हणून येतंय, तरी बसून सगळं ऐक.

आणि एक आहे. हे मी आजवर लिहिलं नाही, कारण तुला त्याच्यासाठी बोलवायचं नव्हतं. आता तू निघालाच आहेस म्हणून सांगते. सगळं सांगून झालं की बाबा मधेच थांबतात. हात खिशात घालतात, काढतात, काहीतरी हरवल्यासारखे. आणि समोर असेल त्याला विचारतात, "तुम्ही ओळखता का हो त्याला? मला त्याला काहीतरी सांगायचं राहिलंय." काय, असं विचारलं की कपाळाला हात लावतात. "आठवत नाही. पण महत्त्वाचं होतं. सांगायलाच हवं होतं." सभा गेली, हसणं गेलं, चूक गेली, एवढं मात्र अजून गेलेलं नाही. गॅसवाल्याचा हात धरून विचारलं होतं त्यांनी.

तुझाही हात धरतील. विचारतील, "तुम्ही ओळखता का हो त्याला?"

हो म्हण. आणि म्हण, "तुम्ही सांगितलंत ते त्याला पोचलं."

जमलं तर म्हण. नाही जमलं तर नुसता हात धरून बस. मी बाहेर स्वयंपाकघरात असेन.

तुझी ताई